परशु बाबिलोनचा नव्हे

तुलनात्मक भाषाशास्त्राची जुनी पुस्तके चाळताना एक समीकरण हमखास भेटते: संस्कृत परशु, ग्रीक पेलेकुस, अक्काडियन पिलक्कु. तिन्हींचा अर्थ कुऱ्हाड, तिन्हींचे व्यंजनांचे सांगाडे सारखे, आणि बाबिलोनची संस्कृती तिन्हींत जुनी. तेव्हा हा शब्द मूळचा सेमिटिक आणि आर्यभाषांनी तो बाबिलोनकडून उसना घेतला, असा निर्वाळा दिला जातो. एका पुस्तकातून दुसऱ्यात असे करत करत हे समीकरण इतके रुळले की ते कोणी तपासून पाहण्याच्या फंदात पडत नाही. त्यातले परशु आणि पेलेकुस यांचे नाते पक्के आहे. पिलक्कुशी जोडलेले नाते मात्र साफ चुकीचे आहे, आणि ते चुकीचे ठरवणारा पुरावा कित्येक वर्षे छापील रूपात आपल्यापुढे आहे.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. 1890 मध्ये योहानेस श्मिट या मोठ्या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने इंडो-युरोपियनांच्या मूळ भूमीवर एक प्रबंध लिहिला. युरोपीय भाषांच्या संख्यावाचकांत साठाशी एक खंड पडतो. बाबिलोनची गणना साठीची, म्हणून तो खंड तिथल्या सहवासाची खूण आहे, असे त्याने मांडले. त्या जोडीला त्याने परशु आणि पिलक्कु यांचे साम्य ठेवले आणि मूळ भूमी आशियात, बाबिलोनच्या प्रभावक्षेत्राजवळ असली पाहिजे असा निष्कर्ष काढला. श्मिट हा काही हौशी माणूस नव्हता. भाषांमधले फरक लाटांसारखे पसरतात हा सिद्धान्त त्यानेच 1872 मध्ये मांडला होता. पुढे 1984 मध्ये तिबिलिसीहून गाम्क्रेलिद्झे आणि इवानोव या भाषाशास्त्रज्ञांचा दोन खंडांचा ग्रंथ आला. मूळ भूमी कॉकेशसच्या दक्षिणेला होती, हे त्यांचे प्रतिपादन. त्यासाठी मूळ इंडो-युरोपियन भाषेत सेमिटिक शब्द दाखवणे त्यांना गरजेचे होते आणि त्या यादीत कुऱ्हाडीला मानाची जागा मिळाली.

या पक्षाच्या बाजूने बोलणाऱ्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. पहिली, परशु या शब्दाला इंडो-युरोपियन धातू सापडत नाही. तासणे, कापणे, फोडणे या अर्थाच्या कुठल्याही जुन्या धातूपासून तो सरळ निघत नाही. शिवाय स्वर जुळत नाही: ग्रीक शब्दात आघात पहिल्या अक्षरावर, वैदिक शब्दात उदात्त शेवटच्या. असा बिनमुळाचा शब्द बाहेरून आला असावा हा संशय रास्त आहे. दुसरी गोष्ट पुरातत्त्वाची. दांडा बसवायला भोक असलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी इ.स.पू. चौथ्या सहस्रकात कॉकेशसच्या उत्तरेला मायकोप संस्कृतीत सापडतात, आणि तिथल्या धातुकामाचे धागे दक्षिणेकडे जातात. वस्तू दक्षिणेकडून आली, तर तिचे नावही तिकडूनच आले असेल, हा तर्क वरवर बिनतोड वाटतो.

आता उत्तरपक्ष. पिलक्कु म्हणजे कुऱ्हाड नव्हेच. पिलक्कु म्हणजे चाती, सूत कातायची टकळी.

एखाद्या मेलेल्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ ठरतो तो वाक्यांवरून. शिकागो विद्यापीठात 1921 मध्ये अक्काडियनचा कोश करायला घेतला तो याच शिस्तीने: शब्द जिथे जिथे आला ते प्रत्येक वाक्य टिपायचे आणि मग अर्थ लिहायचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा ऐतिहासिक कोश चालू आहे तोही याच पद्धतीने, म्हणून असल्या कामाला पिढ्या का लागतात हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. शिकागोच्या कोशाचा ‘प’चा खंड 2005 मध्ये निघाला. त्यात पिलक्कुचा अर्थ चाती असाच दिला आहे, आणि वाक्येही तेच सांगतात. लमश्तू नावाची एक राक्षसीण गरोदर बायका आणि तान्ही पोरे यांच्यावर घाला घालते, अशी बाबिलोनी लोकांची समजूत होती. तिची पीडा टळावी म्हणून तिला बायकांच्या वापरातल्या वस्तू देऊन वाटेला लावत. त्यांत फणी असते आणि पिलक्कु असतो. ताईतांवर कोरलेल्या चित्रांत फणी आणि चाती एकमेकींशेजारी स्पष्ट दिसतात. कुऱ्हाड कुठेही नाही.

सख्ख्या भाषांचीही साक्ष काढू. हिब्रूत पेलेख हा याच शब्दाचा भाऊ. बायबलच्या नीतिसूत्रांत एकतिसाव्या अध्यायात कर्तबगार गृहिणीचे वर्णन आहे. तिथे तिच्या हातात हा पेलेख आहे आणि अवतीभवती सगळा विषय लोकर, ताग आणि कताईचा आहे. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शम्रा इथे 1929 पासून उगारितच्या मृत्फलकांचा शोध लागला. त्यांतल्या बाल देवाच्या आख्यानात अथिरत देवी समुद्राकाठी प-ल-क हातात घेते, तेव्हा तिचे घरकाम चालू आहे. अरबीत फल्का म्हणजे चातीच्या खालची गोल चकती. त्याच धातूचा फलक म्हणजे फिरते आकाशमंडल. गझल ऐकणाऱ्यांना हा फलक परिचित आहे. आपला लाकडी फलक संस्कृत आहे आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही. गरगर फिरणे, गोल असणे हा या सगळ्या सेमिटिक कुटुंबाचा गाभा आहे. तोडण्या-फोडण्याचा त्यात लवलेश नाही.

यातला सगळ्यात देखणा पुरावा दक्षिण तुर्कस्तानातल्या करातेपेचा. 1946 मध्ये पुरातत्त्वज्ञ हेल्मुट बॉसर्टच्या नजरेस तिथले कोरीव लेख पडले. इ.स.पू. आठव्या शतकातल्या अझातिवाद नावाच्या सत्ताधाऱ्याने एकच मजकूर दोन भाषांत कोरून ठेवला आहे: फिनिशियन लिपीत फिनिशियन आणि चित्रलिपीत लुवियन. आपल्या राज्यात किती शांतता आहे हे तो सांगतो. पूर्वी ज्या वाटांवर पुरुषही पाऊल टाकायला धजत नसे, तिथे माझ्या काळात बायका हातात चाती घेऊन निर्धास्त चालतात, असा त्याचा आशय. फिनिशियन मजकुरात चातीसाठी शब्द आहे प-ल-क, आणि समोरच्या लुवियन मजकुरात चातीचे चित्राक्षर आहे. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा एकाच ठिकाणी एकमेकींचा अर्थ सांगताहेत. याउपर शंकेला जागा कुठे राहते? इथे कुऱ्हाड हा अर्थ घालून पाहावा. बायका कुऱ्हाडी घेऊन फिरू लागल्या ही राज्यात शांतता नांदत असल्याची खूण कशी होईल?

श्मिटला यातले बरेचसे माहीत असणे शक्यच नव्हते. 1890 मध्ये उगारित मातीखाली होते, करातेपेचे कोणाला नावही ठाऊक नव्हते, आणि अक्काडियनचे वाचन बाल्यावस्थेत होते. बाणाकार लिपीत अग, अक आणि अक़ या तिन्हींना एकच चिन्ह लागते, त्यामुळे तेव्हाचे विद्वान हा शब्द पिलक़्क़ु असा घशातल्या क़ने वाचत आणि फोडणे या अर्थाच्या दुसऱ्याच धातूशी त्याची सांगड घालत. हिब्रू पेलेख मात्र तेव्हाही समोर होता. आणि 1984 मध्ये लिहिणाऱ्यांना तर ही कोणतीच सबब लागू होत नाही. जुन्या अर्थाची फेरतपासणी न करता शब्द यादीत घेणे ही त्यांच्या एरवी अफाट व्यासंगाच्या ग्रंथातली उणीव आहे. इगोर द्याकोनोव या सेमिटिक भाषांच्या जाणकाराने 1985 मध्येच त्यांच्या सेमिटिक उसनवारीच्या यादीवर कडक टीका केली होती. ती टीका मूळ ग्रंथाइतकी वाचली गेली नाही.

अर्थ हातचा गेल्यावर काही जण आकाराचा आधार घेतात: दांडा आणि त्यात अडकवलेली चकती, म्हणजे चातीही कुऱ्हाडीसारखीच दिसते, तेव्हा एकीचे नाव दुसरीला लागले असेल. शब्दांचे अर्थ बदलतात हे मान्य. पण त्या काळच्या माणसाच्या मनात या दोन वस्तूंची स्थाने काय होती हे पाहायला नको का? पश्चिम आशियात चाती ही बाईची खूण आणि शस्त्र ही पुरुषाची, या दोन वस्तू समोरासमोरच्या टोकांना उभ्या आहेत. हित्ती लोकांच्या एका विधीत शत्रूच्या सैन्याचे पौरुष हिरावून घेण्याची प्रार्थना आहे. त्यांच्या हातची शस्त्रे काढून घे आणि त्यांना बायकांची चाती नि आरसा दे, असे देवीकडे मागणे आहे. बायबलात दावीद राजा यवाब या आपल्या सेनापतीच्या घराण्याला शाप देतो, त्या शापातही पेलेख धरणारा पुरुष येतो. आणि ग्रीकांचे काय, हे पाहायला लांब जावे लागत नाही. होमरच्या ‘ओडिसी’च्या एकविसाव्या सर्गात बारा पेलेकुस ओळीने रोवलेल्या आहेत, धनुष्य आणलेले आहे, आणि तेलेमाखस आईला सांगतो की तू माग आणि सूतकताई बघ, धनुष्य हा पुरुषांचा विषय आहे. एकाच दालनात कुऱ्हाडी एका बाजूला आणि कताई दुसऱ्या बाजूला. ज्या जगात या दोन वस्तूंमध्ये एवढी मोठी भिंत होती, तिथे चातीचे नाव बिनबोभाट कुऱ्हाडीला चिकटले, असे म्हणायचे तर काहीतरी पुरावा द्यावा लागेल. मधल्या पायरीवरचा, चाती आणि कुऱ्हाड असे दोन्ही अर्थ असलेला एकही प्रयोग कोणी दाखवलेला नाही.

कताईसाठी आर्यभाषांना उसन्या शब्दाची गरजही नव्हती. संस्कृतात चातीला तर्कु म्हणतात. लॅटिनमधला पिळणे या अर्थाचा तोर्क्वेरे त्याच्याच मुळाचा आणि आपली टकळी त्याच्याच गोतावळ्यातली.

दुसरा बचाव अधिक विद्वत्तेचा आहे. पिलक्कु सोडून द्या, ते म्हणतात, पण सेमिटिकमध्ये प-ल-क़ हा धातू आहे की नाही? अरबीत फलक़ म्हणजे फोडणे. कुराणातल्या 113 व्या सूरेचे नाव त्यावरूनच आहे, रात्र फोडून निघणारी पहाट या अर्थाने. अक्काडियनमध्ये पलाक़ू म्हणजे कापून मारणे. सिरियाक भाषेत तर कुऱ्हाडीलाच याच्यासारखा शब्द आहे. हा मुद्दा झटकून टाकण्याजोगा नाही, पण त्यातून जे हवे ते निघत नाही. सेमिटिक भाषांत क आणि क़ हे वेगळे वर्ण आहेत, आपल्या कानाला त आणि ट जितके वेगळे तितकेच. तेव्हा हा धातू पुढे केला की जुना दावा सोडून नवा दावा मांडला जातो, आणि नव्या दाव्याला लागणारी वस्तू, म्हणजे या धातूपासून बनलेले कुऱ्हाडीचे जुने सेमिटिक नाव, दाखवता येत नाही. अक्काडियन पलाक़ूपासून नप्लक़्तु असा शब्द बनतो, पण तो खाटकाचा सुरा. सिरियाक तर ख्रिस्तोत्तर काळातली, ग्रीक शब्दांनी गच्च भरलेली भाषा. तिथला कुऱ्हाडीचा शब्द ग्रीक पेलेकुसवरून आला, हे उलट जास्त संभवते.

आता मायकोपच्या तर्काकडे येऊ. वस्तूबरोबर नाव येते हे खरे मानले, तर ज्यांच्याकडून वस्तू आली ते तिला काय म्हणत होते हे विचारले पाहिजे. अक्काडियनमध्ये कुऱ्हाडीला पाशु म्हणत, हस्सिन्नु म्हणत. बाबिलोनी महाकाव्याचा नायक गिल्गमेश याच्या स्वप्नात रस्त्यावर पडलेली कुऱ्हाड येते आणि ती पुढे मित्र एन्किदूचे रूप ठरते, ती हस्सिन्नु आहे. उसनवारी झाली असती तर ती या नावांची झाली असती. खऱ्या उसनवारीत हेच घडलेले दिसते. सोन्याला अक्काडियनमध्ये हुरासु, फिनिशियनमध्ये ह-र-स, आणि ग्रीकमध्ये ख्रुसोस. ग्रीकांच्या मायसीनी काळातल्या लेखांतही हा शब्द आहे. अंगातल्या सदऱ्याचा खितोन, जिरे, तीळ, हे ग्रीक शब्दही सेमिटिकांकडून आलेले. त्यांत प्रत्येक ठिकाणी वस्तू तीच, अर्थ तोच, ध्वनी जुळणारा आणि व्यापाराची वाट माहीत असलेली. याच कसोटीवर परशुला घासले की त्याच्यापाशी ध्वनीखेरीज काही उरत नाही.

आणि नुसता ध्वनी किती फसवतो याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. मराठीत फरशी हा शब्द दोन वस्तूंना लागतो. अर्धचंद्राकार पात्याची फरशी कुऱ्हाड खेड्यापाड्यांत आजही दिसते. ही फरशी थेट परशुची वंशज. पाली-प्राकृतांत आद्य पकाराचा फकार होऊन फरसु झाला आणि तिथून ती आपल्याकडे आली. घरात घालतात ती शहाबादी फरशी मात्र अरबी फर्शची. फ-र-श म्हणजे अंथरणे, पसरणे. तो शब्द फारसीतून दख्खनमध्ये उतरला. एक फरशी इंडो-युरोपियन, दुसरी सेमिटिक, आणि मराठी तोंडात दोघींत तसूभरही फरक नाही. हजार-दोन हजार वर्षांनी कोणाच्या हाती या दोन शब्दांखेरीज मराठीतले काही लागले नाही, तर तोही छातीठोकपणे सांगेल की दगड फोडण्याच्या हत्यारावरून दगडाचे नाव पडले.

हे खंडन वाचून ज्यांना आनंद होईल त्यांतल्या काहींचा आनंद मला मान्य नाही. बाबिलोनकडून आपण घेतले नाही, म्हणजे बाबिलोननेच आपल्याकडून घेतले, असे म्हणणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. दिसेल त्या अरबी-हिब्रू शब्दाला संस्कृत व्युत्पत्ती चिकटवणे हा त्यांचा रिवाज. वरचा सगळा पुरावा त्यांनाही तितकाच लागू आहे. चातीचे नाव कुऱ्हाडीवरून पडत नाही, तसे कुऱ्हाडीचे नाव चातीवरून पडत नाही. पिलक्कुला उगारितपासून अरबस्तानापर्यंत स्वतःचे भाऊबंद आहेत, त्याला संस्कृतातून दत्तक घ्यायची गरज नाही.

वेद आणि बाबिलोन यांची तुलना करायची तर कशी, याचा एक जुना मराठी नमुना आहे. लोकमान्य टिळकांनी 1917 च्या भांडारकर स्मारक ग्रंथात खाल्डियन आणि भारतीय वेदांवर लेख लिहिला. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात सर्पविषावरचे एक सूक्त आहे. त्यातले तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला हे शब्द टिळकांनी खाल्डियन ठरवले, तैमात म्हणजे तिकडची तिआमत. यातली काही समीकरणे आजच्या अभ्यासकांना मान्य नाहीत. पण मांडणी पाहा: एका सूक्तात एकत्र आलेले, संस्कृतात न लागणारे चार-पाच शब्द, सगळे सर्पाच्या संदर्भातले, आणि तिकडे तिआमत समुद्रातली महासर्पिणी. ध्वनीइतकेच वजन त्यांनी अर्थाला आणि प्रसंगाला दिले. बाबिलोनी संबंध मान्य करायला त्यांचा अभिमान आड आला नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

मग परशु कुठला? त्याचा खरा इतिहास उसनवारीच्या कथेपेक्षा कमी रोचक नाही. संस्कृत श आणि ग्रीक क यांची जोडी नियमाने जुळते: शतम् आणि हेकातोन, दश आणि देका, तसे परशु आणि पेलेकुस. मूळच्या तालव्य ककाराचा भारत-इराणी शाखेत ऊष्मवर्ण झाला. हा बदल होण्याआधीपासून शब्द भाषेत असल्याशिवाय परशुमध्ये श येणार नाही. बाबिलोनशी पुढच्या काळात संबंध येऊन शब्द घेतला असता, तर तिथल्या दुहेरी क्कचा आपल्याकडे क राहिला असता. म्हणजे ग्रीकांचे आणि भारत-इराणींचे पूर्वज शेजारी राहत होते तेव्हाचा हा शब्द आहे, आणि तो काळ अक्काडियनच्या पहिल्या लेखांच्याही मागे जातो. शतकानुशतके बाबिलोनच्या सावलीत राहून बाणाकार लिपीतच लिहिणाऱ्या हित्तींकडे या शब्दाचे भावंड सापडत नाही. शब्द बाबिलोनहून निघाला असता तर पहिला मुक्काम त्यांच्याकडेच पडायला हवा होता.

इराणी बाजूला तो कॉकेशसमधल्या ओसेटिक भाषेत फॅरॅत या रूपात जिवंत आहे. तारिम खोऱ्यातल्या तोखारियनमध्ये पोरत आणि पेरेत अशी रूपे मिळतात, आणि ती इराणी भाषांकडून घेतलेली आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्वष्टा चांगल्या धातूचा परशु पाजळतो. छांदोग्योपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला समजावताना चोरीचा आळ आलेल्या माणसाच्या हाती तापलेला परशु देतात ते दिव्य सांगतो. लाकूडतोड्याचे, सुताराचे, न्यायनिवाड्याचे असे हे रोजच्या वापरातले हत्यार आहे. जमदग्नीच्या रामाच्या नावाला ते जोडले गेले ते पुढे. म्हणून चिपळूणच्या परशुरामाचा संबंध पश्चिम आशियाशी जोडू पाहणाऱ्यांना या शब्दाचा काही उपयोग नाही. शब्दाला धातू सापडत नाही हे खरेच आहे. ग्रीक आणि भारत-इराणी यांच्या सामाईक पूर्वजांनी तो गवताळ प्रदेशातल्या एखाद्या लुप्त भाषेतून उचलला असेल, हेही अशक्य नाही. पण मूळ अज्ञात असणे आणि मूळ बाबिलोनी असणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सेमिटिक आणि इंडो-युरोपियन यांच्या जुन्या संबंधाचा शोध घ्यायचाच असेल, तर बैलाच्या शब्दाकडे वळावे. अरबी थौर, हिब्रू शोर, आरामी तोरा, अक्काडियन शूरु, आणि इकडे ग्रीक ताउरोस, लॅटिन ताउरुस, लिथुएनियन ताउरास. अर्थ दोन्हीकडे तोच, ध्वनी जुळणारा, आणि जनावर असे की गुराख्यांबरोबर त्याचे नावही चालत जावे. अवेस्तेतला स्तओर म्हणजे गुरेढोरे हा यांच्यातलाच की वेगळा, संस्कृतात याचा नेमका जोडीदार का नाही, आणि शब्द कोणाकडून कोणाकडे गेला, हे तिन्ही प्रश्न अजून खुले आहेत. कोशांतून पिलक्कु काढून टाकला तर ती जागा या प्रश्नांना मिळेल.